कौसल्या साळवेची जागा

कुठल्याही घराच्या उंबऱ्याशी उभी राहिली की कौसल्याताई आधी भाडं विचारत नसे. खोलीही बघत नसे. ती विचारायची, "पाणी कुठून भरायचं?" घरमालकीण नळाकडे नाहीतर गल्लीतल्या हापशाकडे बोट दाखवायची. तेवढ्यावरून त्या घरात आपले किती दिवस निघतील याचा अंदाज तिला यायचा. नळ घराच्या आत असला तर थोडे, हापसा गल्लीत असला तर जरा जास्त. असं का, ते मला बरंच उशिरा कळलं. तोवर मी तिच्याबरोबर तीन-चार घरं हिंडले होते.

मी परतूरची. बी.ए.ची पहिली दोन वर्षं परभणीला मामांकडे राहून केली. मग मामांची बदली झाली, त्यांचं बिऱ्हाड उठलं आणि शेवटच्या वर्षासाठी मला जालन्याच्या कॉलेजात नाव घालावं लागलं. दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली होती. जालना तेव्हा जिल्हाही नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता, पण आम्हा परतूरच्या लोकांना शहर म्हणजे तेच. मुलींसाठी राहायची सोय म्हणाल तर कॉलेजचं एकुलतं एक वसतिगृह. कुणा व्यापाऱ्याची दुमजली इमारत कॉलेजने भाड्याने घेतली होती. खाली रेक्टरबाईंची खोली, स्वयंपाकघर आणि धान्याची कोठी, वर आम्ही मुली.

जूनमधल्या एका सकाळी मी वडिलांबरोबर त्या इमारतीच्या ओसरीवर बसले होते. शेजारी एक बाई बसली होती. बाईच म्हणायची, कारण ती मुलगी दिसत नव्हती. वय असेल सव्वीस-सत्तावीस. सावळी, उंच, हाडापेराने मोठी. तळहात इतके राठ की वळकटीची दोरी सोडताना खरखर आवाज यायचा. पुढे कळलं की दुष्काळात तिने रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली होती. मला वाटलं, कुणा मुलीला सोडायला आली असेल. तेवढ्यात रेक्टरबाई बाहेर आल्या आणि तिला बघून एकदम थांबल्या. "अगं साळवे, तू?" त्यांचा चेहरा खरोखर उजळला होता. कौसल्या साळवे याच वसतिगृहात दोन वर्षं राहून गेली होती. दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि कुंभार पिंपळगावला घरी तिचं लग्न ठरलं. आता ती राहिलेलं शेवटचं वर्ष पुरं करायला परत आली होती.

रेक्टरबाईंनी चौकशी केली. नवरा नांदेडकडे कारकून होता. त्याने दुसरं घर केलं, हिला माहेरी धाडून दिलं. एक मुलगी, चार वर्षांची, ती आजीजवळ गावाकडे. हे सगळं कौसल्याताईने बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. ऐकता ऐकता रेक्टरबाईंचा चेहरा पुन्हा रेक्टरचा झाला. लग्न झालेल्या मुलींना इथं जागा देता येत नाही, त्या म्हणाल्या.

"नियम कुठं लिहिलाय, मॅडम?"

"लिहायची वेळ कधी आलीच नाही, साळवे. लग्न झालेली मुलगी परत येतच नाही."

त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. असं खरंच कधी घडलं नव्हतं. मला मात्र दोन मिनिटांत जागा मिळाली. माझी ट्रंक जड होती आणि वडिलांना दम लागायचा. तेव्हा ज्या बाईला नुकतंच नाही म्हटलं होतं तिनेच ट्रंकेची दुसरी बाजू धरली आणि जिन्यात मला म्हणाली, "तिसरी पायरी सांभाळ, हलते ती." तिने ट्रंक माझ्या खोलीत ठेवली, खिडकीतून एकदा बाहेर बघितलं आणि खाली जाऊन स्वतःची वळकटी उचलली.

तिच्याशी ओळख झाली ती अशी. वर्गात आम्ही एकाच बाकावर बसू लागलो. तिला सगळे साळवे म्हणत. मी कौसल्याताई म्हणायची, ती मला नलू. सुरुवातीला ती लांबच्या एका मामांकडे उतरली होती, पण त्यांच्या एका खोलीत त्यांचंच कुटुंब मावत नव्हतं. मामा रात्री बाहेर ओट्यावर झोपायला लागले तेव्हा ती तिथून निघाली. म्हणून मग कॉलेज सुटलं की आम्ही खोली शोधत हिंडायचो. ती रस्त्याच्या कडेकडेने झपझप चालायची आणि मी मागे राहिले की उभी राहायची, पण वळून बघायची नाही. तिच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं, "होतंय बराबर." जागा नाकारली, "होतंय बराबर." चप्पल तुटली, "होतंय बराबर." ती हे धीर आल्यासारखं म्हणत नसे. पुढचं पाऊल टाकायच्या आधी काहीतरी म्हणायचं, म्हणून म्हणायची.

गळ्यात काळी पोत ती मुद्दाम ठेवायची. मी एकदा विचारलं, ज्या माणसाने हाकललं त्याची पोत कशाला घालतेस? ती म्हणाली, "घातली तर विचारतेत मालक कुठंयत. काढली तर विचारतेत काय झालं. पहिल्या सवालाला जवाब देता येतो, नोकरीला हायेत नांदेडला. दुसऱ्याला देता येत न्हाई."

जुन्या जालन्यात एका विधवा म्हातारीने तिला मागची खोली दिली. म्हातारी चांगली होती. संध्याकाळी कौसल्याताईकडून पेपर वाचून घ्यायची. नळ घरातच होता. बारा-पंधरा दिवस सुखाचे गेले. मग शेजारच्या कुणीतरी म्हातारीला आडनावाचा अर्थ समजावून सांगितला. म्हातारीने जा म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून सकाळी नळ बिघडलेला असायचा. कौसल्याताई कळशी घेऊन उभी राहिली की म्हातारी म्हणायची, आज पाणी आलंच नाही गं बाई. आणि बोलताना तिच्या पायाशी भरलेली बादली असायची. पेपर वाचायचं तिने बोलावणं बंद केलं. दोन दिवसांनी कौसल्याताईने खोली झाडली, शेणाने सारवली, उंबरा पुसला आणि चावी म्हातारीपुढे ठेवली. जिथून निघायची ती जागा अशी लख्ख करून निघायची, ही तिची पद्धत. मला राग यायचा. ज्यांनी काढलं त्यांची घरं तू कशाला सारवतेस, असं मी विचारलं, तर म्हणाली, "मागून नाव ठेवायला त्यांना एकच गोष्ट राहू दे. घाण करून गेली, ही दुसरी कशाला द्यायची?"

त्यानंतर ती कुठं राहते हे मला काही दिवस कळलं नाही. विचारलं की म्हणे, आहे एक ठिकाण, स्टेशनाकडं. रोज सकाळी वर्गात ती सगळ्यांच्या आधी हजर असायची, वेणी ओली, पुस्तकं छातीशी. पोळ्याच्या सुट्टीनंतर मी परतूरहून सकाळच्या पॅसेंजरने जालन्याला उतरले. तोंडावर पाणी मारावं म्हणून बायकांच्या वेटिंग रूममध्ये गेले, तर तिथं बाकावर कौसल्याताई बसलेली. केस विंचरत होती. बाकाखाली तिची वळकटी आणि एक पिशवी. मला बघून दचकली नाही. नुसती सरकली आणि शेजारी जागा करून दिली.

वेटिंग रूम झाडणारी रहमतबी म्हणून एक म्हातारी होती. कौसल्याताई पहिल्यांदा तिथं टेकली त्या संध्याकाळी रहमतबीने तिच्याकडे तिकीट मागितलं नाही. म्हणाली होती, "बैठो बेटी, गाडी आने तक बैठो. कौनसी गाडी, वो मैं नै पूछती." तेव्हापासून कौसल्याताई गाडीची वाट बघत होती. रहमतबी सकाळी तिच्यासाठी कपबशीत चहा आणायची आणि स्टेशनमास्तरांची फेरी असली की आधी खोकायची. तेवढ्यात कौसल्याताई पुस्तकं आवरून प्लॅटफॉर्मवर फिरू लागायची.

त्या दिवशी आम्ही दोघी स्टेशनावरून चालत कॉलेजला गेलो. कुंडलिकेच्या पुलावर तिने मला एवढंच सांगितलं, की वर्गात बोलू नकोस. मी म्हटलं, माझ्या खोलीत ये, माझ्या खाटेवर दोघी झोपू, कुणाला कळणार नाही. ती म्हणाली, "कळतंय. आणि मंग तुझीबी जागा जाईल. दोघींनी वेटिंग रूममध्ये बसून काय करायचं?"

दिवाळीनंतर तिच्या आईचा हात मोडला. शेतात पाय घसरून पडली होती. स्वतःचं जेवण करायची मारामार, तिथं नात कोण सांभाळणार? भावजयीने चार दिवस बघितलं आणि निरोप धाडला. कौसल्याताई गावी गेली आणि येताना मुलीला घेऊन आली. सुजाता तिचं नाव. दोन बारीक वेण्या, मोठे डोळे, आईचा पदर मुठीत. वेटिंग रूममध्ये पोरीला घेऊन राहणं शक्य नव्हतं. पोर रडली की स्टेशनात ऐकू जायचं. पोरीला घेऊन खोली मागायला गेलं की प्रश्न दुप्पट व्हायचे.

त्या आठवड्यात सुजाता कॉलेजातही आली. इतिहासाचे सर मोठे शिस्तीचे. त्यांनी मागच्या बाकावर पोर बघितली आणि काहीच न बघितल्यासारखं हजेरी घ्यायला सुरुवात केली. "साळवे के." असा पुकारा झाला तेव्हा आईच्या आधी सुजाताच उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हजर." वर्ग हसला. सरांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, बसा. कौसल्याताई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसलेली मी बघितली. पण तास संपल्यावर ती बाकावरून उठेना. डोकं हातात धरून म्हणाली, "नलू, परीक्षेचं राहू दे. मी गावाकडं जाते. आता पाय चालून न्हाई राह्यले." "होतंय बराबर" हे तिने म्हटलं नाही. ती पहिली वेळ.

मी तिला म्हटलं, जायच्या आधी रेक्टरबाईंना एकदा शेवटचं विचारू. ती नको म्हणत होती. मी सुजाताला कडेवर घेतलं आणि चालू लागले, तेव्हा तिला यावंच लागलं.

रेक्टरबाई हिशेब बाजूला ठेवून बसल्या होत्या. पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या, पायाला सूज असलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुजाताला शेंगदाण्याचा लाडू दिला. मग म्हणाल्या की विद्यार्थिनी म्हणून घेता येणार नाही. संस्थेचे लोक विचारतील, मुलींचे आईबाप विचारतील.

कौसल्याताई शांतपणे म्हणाली, "मंग काय म्हणून घेता येतं, मॅडम?"

रेक्टरबाईंनी हिशेबाची वही पुन्हा पुढे ओढली. असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. बाहेर भांडी घासल्याचा आवाज येत होता. पान उलटत त्या म्हणाल्या, "कोठीत धान्य निवडायला बाई पाहिजे आहे. राहायचं कोठीतच. पोरीला ठेव." आणि खाली बघत, "पण स्वयंपाकघरात जायचं नाही, साळवे. तुला माहीत आहे कसं असतं."

मला वाटलं, आता ती उठेल आणि निघून जाईल. माझ्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "मला आत्ता छप्पर पाहिजे, मॅडम. मानाचं मंग बघू."

बाहेर आल्यावर तिने पोत काढून पिशवीत टाकली. कोठीवाल्या बाईला मालक कुठंयत असं कोण विचारणार?

कोठी म्हणजे एक लांबट अंधारी खोली. वर एक जाळीची खिडकी, भिंतीला लावून ज्वारीची पोती, कोपऱ्यात तुरीच्या डाळीचा कणगा. तिने पहिल्या दिवशी ती झाडून, उंदरांची बिळं चिखलाने बुजवून, पोती एका अंगाला सारली आणि दोन माणसांपुरती जमीन मोकळी केली. सकाळी कॉलेज, दुपारी सूप आणि ज्वारी. निवडताना पुस्तक समोर उघडं ठेवायची आणि मोठ्याने वाचायची. सूप एका लयीत हलत असायचं आणि त्या लयीत राज्यघटनेची कलमं चालायची. सुजाता खड्यांचा ढीग करून त्याचे डोंगर रचायची. वरच्या मुली कधी कधी कोठीच्या दारात येऊन बसायच्या, थंडीत तिथं ऊब असायची म्हणून. पण सगळ्याच यायच्या नाहीत. दोघी-तिघींनी घरून डबे मागवायला सुरुवात केली होती. ज्वारीला तिचा हात लागतो, हे त्यांना पुरेसं होतं.

त्यातली विजया आमच्याच वर्गात होती, भोकरदनकडची. वर्गात ती कौसल्याताईला साळवे म्हणायची आणि नोट्स मागायची. वसतिगृहात मात्र ए बाई म्हणायची. एकदा जेवण झाल्यावर तिने आपलं खरकटं ताट कोठीच्या दारात आणून ठेवलं आणि म्हणाली, ए बाई, एवढं विसळून टाक. भांडी घासणारी बाई वेगळी होती, हे तिला माहीत होतं. आम्ही बघत होतो. कौसल्याताई उठली, ताट विसळलं, पदराला पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"सकाळी साळवे अन् संध्याकाळी ए बाई, माझ्या ध्यानात राहत न्हाई," ती म्हणाली. "एक काय ते ठरव. मी त्याला ओ देईन."

आवाज चढवला नव्हता. विजयाचा चेहरा पडला. तिने ठरवलं काही नाही, पण त्यानंतर हाकच मारली नाही, नोट्सही मागितल्या नाहीत.

परीक्षेला महिना राहिला असेल तेव्हा संस्थेची माणसं वसतिगृह बघायला आली. रेक्टरबाईंनी कौसल्याताईला सकाळीच बाहेर जायला सांगितलं होतं. ती सुजाताला आणि पुस्तकांना घेऊन दिवसभर मोती तलावाच्या काठी बसली. पण घाईत सुजाताचा फ्रॉक दोरीवर राहिला. पाहुण्यांपैकी एकाने तो बघितला आणि विचारलं, हे काय, इथं लहान मूल? आम्ही सगळ्या जिन्यात उभ्या होतो. रेक्टरबाई म्हणाल्या, "कोठीवाल्या बाईचं आहे." पाहुण्यांनी बरं म्हणून मान हलवली आणि पुढच्या खोलीकडे गेले. कामवालीचं मूल कुणाला अडत नव्हतं.

संध्याकाळी कौसल्याताई परत आली तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती उंबऱ्यावर बसून पायांतले काटे काढत होती. ऐकून थोडा वेळ हसत राहिली. मग म्हणाली, "चला, माझ्या पोरीला तरी हॉस्टेलात राहायची परवानगी मिळाली." हसणं विरल्यावर चेहऱ्यावर जे उरलं त्याच्याकडे बघवत नव्हतं. मी फ्रॉक दोरीवरून काढून आणला आणि तिच्याजवळ ठेवला.

परीक्षा झाली. तिने सगळे पेपर दिले, एकही चुकवला नाही. ज्या तीन तासांत ती लिहायची त्या तीन तासांत सुजाता रेक्टरबाईंच्या खोलीत असायची. त्यांनी ते आपण होऊन सांगितलं होतं आणि त्याबद्दल कुणाशी बोलल्या नाहीत. शेवटच्या पेपरच्या आदल्या दिवशी त्या कोठीच्या दारात आल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या की पुढच्या वर्षी कुणी परत आली तर मी संस्थेला लेखी विचारेन. कौसल्याताई म्हणाली, विचारा.

निकाल मी परतूरला बघितला. ती पास झाली होती, दुसऱ्या वर्गात. पुढे अंबडच्या बाजूला कुठल्याशा शाळेत लागल्याचं कानावर आलं. मी तोवर लग्न होऊन बीडला गेले होते. पत्ता कुणाकडे नव्हता आणि भेट काही झाली नाही.

मी तिला शेवटचं बघितलं ते शेवटच्या पेपरच्या दुपारी. कोठी झाडून, सारवून ती निघाली. मी एस.टी. स्टँडपर्यंत सोबत गेले. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. गाडीला गर्दी होती, पण मागच्या चाकावरची एक सीट मिळाली. मी खाली खिडकीशी उभी राहून विचारलं, आता पुढं काय करणार? ती म्हणाली, "घरी जाऊन बघते. आईचा हात बसलाय का न्हाई कुणास ठाऊक." मग मी तिला पाणी आणायला गेले. स्टँडच्या नळावर रांग होती. तांब्या भरून आले तोवर कंडक्टर चढला होता.

कौसल्याताई झोपली होती. खिडकीच्या गजाला डोकं टेकलेलं, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे पडलेले. इतक्या महिन्यांत मी तिला झोपलेलं कधी बघितलं नव्हतं. चेहरा एकदम लहान वाटत होता, माझ्याच वयाचा. मी तांब्या वर धरला. तिच्या शेजारी सीटवर उभ्या राहिलेल्या सुजाताने तो दोन्ही हातांनी घेतला, आईकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं आणि स्वतःच घटाघट पाणी प्यायली. रिकामा तांब्या तिने मला परत दिला. गाडी हलली. खड्ड्यात चाक आपटलं तसं कौसल्याताईचं डोकं गजावरून निसटलं, आणि पोरीने आपला खांदा पुढे करून ते तिथं टेकवून घेतलं.